अनुदान जमिनीस की कसणाऱ्यास? अमेरिकेतील एका काउंटीचा अनुभव

शेतीस सरकारी साहाय्य द्यावयाचे म्हटले म्हणजे ते किती द्यावे, हा प्रश्न प्रथम निघतो व त्यावर पुष्कळ चर्चाही होते. ते कोणाच्या नावे द्यावे, हा प्रश्न मात्र बहुधा मागाहून निघतो. आणि तोपर्यंत याद्या तयार झालेल्या असतात. वास्तविक, मालक एक व कसणारा दुसरा अशी स्थिती जेथे असते, तेथे या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अनेक कुटुंबांचे बरेवाईट अवलंबून असते. अमेरिकेत शेतकऱ्यांस रोख साहाय्य देण्यास १९३३ साली आरंभ झाला. त्यानंतर एका वर्षाच्या आतच आर्कान्सा राज्यातील पॉइनसेट नावाच्या काउंटीत हा प्रश्न उग्र रूपाने पुढे आला. त्या अनुभवाची माहिती आपल्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बांधवांस उपयोगी पडेल, म्हणून ती येथे देत आहोत.

काउंटीची ओळख

अमेरिकेत राज्याच्या खालचा कारभाराचा घटक म्हणजे काउंटी. आपल्याकडील तालुका व जिल्हा यांच्या दरम्यान तिचे स्थान मानावयास हरकत नाही. पॉइनसेट काउंटी आर्कान्साच्या ईशान्य भागात, मिसिसिपी नदीच्या पश्चिमेकडील सपाट खोऱ्यात आहे. तिचे मुख्य ठिकाण हॅरिसबर्ग. काउंटीच्या मध्यातून दक्षिणोत्तर अशी क्राउलीज रिज नावाची कमी उंचीची टेकड्यांची रांग गेली आहे. तिच्या पश्चिमेस भाताची जमीन असून पूर्वेकडील भागात पूर्वी दलदल व जंगल होते. ते तोडून व पाण्याचा निचरा करून तेथे कापसाचे मोठमोठे मळे उभे राहिले. आज ही काउंटी आर्कान्सातील भाताच्या प्रमुख काउंट्यांपैकी एक समजली जाते.

कापसाच्या मळ्यांवर १९३० च्या सुमारास बहुतेक कष्टाचे काम वाटेकरी कुटुंबे करीत. मालकाने जमीन, राहावयास खोपटे, खेचर, अवजारे व बी द्यावयाचे. वाटेकऱ्याने कुटुंबासह राबावयाचे. आणि पीक निम्मेनिम्म वाटून घ्यावयाचे, अशी रीत होती. आपल्याकडील अर्धेलीशी तिचे बरेच साम्य दिसते. हंगाम येईपर्यंत वाटेकरी मळ्याच्या दुकानातून धान्य व कपडा उधारीने उचली. हिशेब मालकाच्या वहीत असे, व वर्षअखेरीस वाटेकऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे.

१९३३ चा कायदा व त्यातील उणीव

कापसाचा भाव १९२९ साली पौंडास सुमारे १७ सेंट होता. तो १९३२ च्या सुमारास ६ सेंटांच्या आसपास घसरला. माल उदंड आणि गिऱ्हाईक नाही, अशी अवस्था झाली. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी १२ मे १९३३ रोजी ज्या शेती-समायोजन कायद्यावर सही केली, त्याची कल्पना अशी होती की, शेतकऱ्याने स्वखुशीने पेरा कमी करावा व सरकारने त्याचा मोबदला द्यावा, म्हणजे बाजारातील माल कमी होऊन भाव चढेल. मोबदल्याचा पैसा मालावर प्रक्रिया करणाऱ्या गिरण्यांकडून कररूपाने घ्यावयाचा होता. कायदा झाला तेव्हा कापूस शेतात उभा होता. म्हणून त्या वर्षी सुमारे एक कोटी एकरांवरील उभे पीक नांगरून टाकण्यात आले.

भाव काही अंशी सावरला, हे खरे. परंतु १९३४ व १९३५ सालांसाठी जो करार करण्यात आला, तो सरकार व जमीनमालक यांच्यात होता. त्यात पैशाचे दोन भाग होते. पहिला भाग पडीक ठेवलेल्या जमिनीच्या भाड्याचा. तो त्या जमिनीच्या सरासरी उत्पन्नावर पौंडास साडेतीन सेंट याप्रमाणे होता व साध्या वाटेकऱ्याच्या बाबतीत सर्वच्या सर्व मालकास मिळे. दुसरा भाग भावातील तूट भरून काढण्याचा, पौंडास एक सेंट. त्यातील निम्मा वाटेकऱ्याचा होता. तोही मालकाच्या हातून व त्याच्या वहीतील उधारी वजा होऊन त्याच्यापर्यंत पोहोचावयाचा. म्हणजे जमीन पडीक राहिल्याने काम गमावणाऱ्या माणसास त्या पडीक जमिनीबद्दल काहीच मिळत नसे.

करार करणाऱ्यांस ही अडचण अगदीच दिसली नव्हती असे नाही. कराराच्या सातव्या कलमात असे घातले होते की, मालकाने पेरा कमी करताना वाटेकऱ्यांची संख्या शक्य तितकी पूर्वीइतकीच ठेवावी, त्यांस घरात विनाभाडे राहू द्यावे, सरपण घेऊ द्यावे व पडीक जमिनीपैकी काही भागात घरापुरते धान्य-भाजीपाला करू द्यावा. परंतु ‘शक्य तितकी’ हे शब्द ज्या कलमात असतात ते पाळावयाचे की नाही, हे पाळणाराच ठरवितो. शिवाय वाटेकरी उपद्रवी असल्यास त्यास काढण्याची मोकळीक होतीच. आणि उपद्रवी कोण, हे मालकाने ठरवावयाचे. तक्रार करावयाची तर ती जेथे प्रथम ऐकली जाई त्या स्थानिक समित्यांवर बहुधा जमीनमालकच बसलेले असत.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कापूस कमी करावयाचा म्हटल्यावर मालकास तितकी कुटुंबे नकोशी झाली. काहींनी वाटेकरी काढून टाकले. काहींनी त्यांस रोजंदारीवर ठेवले, कारण रोजंदाराशी अनुदान वाटून घ्यावे लागत नव्हते. पॉइनसेट काउंटीतील टायरोन्झा या गावाजवळ एका मळ्यावरून अशी कुटुंबे काढण्यात आल्यानंतर जुलै १९३४ मध्ये अठरा माणसे एकत्र जमली. त्यांत अकरा गोरे व सात काळे होते. त्यांनी ‘सदर्न टेनंट फार्मर्स युनियन’ ही वाटेकऱ्यांची संघटना स्थापन केली. गोऱ्या-काळ्यांनी एकाच संस्थेत बसणे ही त्या काळी त्या प्रांतात फार धाडसाची गोष्ट होती. संघटनेच्या कामात एच. एल. मिचेल व क्ले ईस्ट हे दोघे पुढे होते. मिचेल यांचे कपडे धुण्याचे दुकान होते व ईस्ट यांचा पेट्रोल पंप होता. सभासदांस धमक्या आल्या, मारहाणही सोसावी लागली. तथापि संघटना अन्य राज्यांत पसरली. टायरोन्झा येथे आज या चळवळीचे संग्रहालय आहे व ते आर्कान्सा राज्य विद्यापीठाकडून चालविले जाते.

वॉशिंग्टनमधील वाद व उशिरा आलेली सुधारणा

सातव्या कलमाचा अर्थ काय, यावरून खुद्द शेतकी खात्यातही मतभेद झाला. खात्याच्या विधी शाखेचे प्रमुख जेरोम फ्रँक व त्यांचे सहकारी यांनी असा अर्थ लावला की, मालकाने तीच कुटुंबे ठेवली पाहिजेत. प्रशासक चेस्टर डेव्हिस यांचे म्हणणे असे की, संख्या तेवढी राखली की पुरे. माणसे बदलली तरी चालेल. शेतकी मंत्री हेन्री वॉलेस यांनी डेव्हिस यांचा पक्ष उचलून धरला व फेब्रुवारी १९३५ मध्ये फ्रँक व त्यांचे अनेक सहकारी नोकरीतून दूर झाले.

पुढे ६ जानेवारी १९३६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गिरण्यांवरील कर व त्यावर उभारलेली योजना रद्द ठरविली. त्याच वर्षी मृदसंधारणाच्या नावाखाली नवा कायदा आला आणि १९३८ साली त्यात महत्त्वाची भर पडली. पीक ज्या प्रमाणात वाटले जाते त्याच प्रमाणात मोबदलाही वाटला जावा. आणि वाटेकरी कमी करून मालकाने आपला हिस्सा वाढविल्यास त्यास त्या वाढीव हिश्श्याचा लाभ मिळू नये, असे दोन नियम झाले.

हे नियम चांगले होते. परंतु ते येईपर्यंत ज्या कुटुंबांनी मळा सोडला होता, ती त्यामुळे परत आली नाहीत. शिवाय रोजंदारास मोबदल्यात हिस्सा नाही, ही पळवाट राहिलीच. अनुदानाच्या रोख पैशातून अनेक मालकांनी ट्रॅक्टर घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर कापूस वेचण्याची यंत्रे आली आणि वाटेकरी पद्धतच हळूहळू संपली. वाटेकरी केवळ अनुदानामुळे गेले असे म्हणता येणार नाही. यंत्रे व शहरातील रोजगार हीही मोठी कारणे होती. मात्र अनुदानाच्या पहिल्या नियमांनी त्या प्रक्रियेस वेग दिला, हे नाकारता येत नाही.

आजची पद्धत

आज प्रत्येक शेतीप्रधान काउंटीत, किंवा दोन-तीन काउंट्या मिळून, केंद्रीय शेतकी खात्याच्या ‘फार्म सर्व्हिस एजन्सी’चे कार्यालय असते. त्यावर काउंटी समिती असते. समितीत तीन ते अकरा सभासद असून ते तेथील शेतकरी निवडून देतात. मुदत तीन वर्षांची.

भात, गहू, मका इत्यादी पिकांस मिळणाऱ्या भावफरकाच्या रकमेचा हिशेब असा केला जातो. कायद्याने प्रत्येक पिकाचा एक संदर्भ-भाव ठरविला आहे. २०१४ च्या कायद्यात लांब दाण्याच्या भातासाठी तो दर १०० पौंडांस, म्हणजे सुमारे ४५ किलोंस, १४ डॉलर होता. ४ जुलै २०२५ रोजी झालेल्या कायद्याने तो १६ डॉलर ९० सेंट करण्यात आला. देशातील वर्षाचा सरासरी बाजारभाव याहून खाली गेला, तर फरक सरकार देते. मात्र तो फरक त्या वर्षी पेरलेल्या क्षेत्रावर मोजीत नाहीत. पूर्वीच्या वर्षांतील पेऱ्यावरून शेताच्या नावे एक ‘पायाभूत क्षेत्र’ व एक ठराविक एकरी उतारा नोंदलेला असतो. त्या क्षेत्राच्या ८५ टक्क्यांवर हिशेब होतो.

उदाहरणार्थ, एखाद्या शेताचे भाताचे पायाभूत क्षेत्र १०० एकर, नोंदलेला उतारा एकरी ५० माप (१०० पौंडांचे एक माप) आणि त्या वर्षी भावातील फरक मापास २ डॉलर आहे असे धरू. १०० एकरांचे ८५ टक्के म्हणजे ८५ एकर. ८५ गुणिले ५० म्हणजे ४,२५० माप. त्यास २ डॉलरने गुणिले असता ८,५०० डॉलर होतात. हा पैसा हंगामानंतर लगेच मिळत नाही. वर्षभराचा सरासरी भाव निश्चित व्हावा लागतो, म्हणून तो कापणीनंतर सुमारे एक वर्षाने, ऑक्टोबरपासून पुढे दिला जातो.

याऐवजी दुसरी एक योजना निवडण्याचीही सोय आहे. तीत संपूर्ण काउंटीचे सरासरी उत्पन्न पाहतात. भाव व उतारा मिळून काउंटीचे एकरी उत्पन्न हमीच्या खाली गेले, तर तूट काही मर्यादेपर्यंत भरून देतात. या योजनेत एका शेतकऱ्याचे पीक बुडाले पण काउंटीचे सरासरी ठीक राहिले, तर त्यास काही मिळत नाही. आपल्याकडे पीक विम्यात महसूल मंडळ हा घटक धरल्यामुळे हाच प्रश्न उद्भवतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल.

पैसा कोणास मिळतो? जो शेतीत जमीन, भांडवल, अवजारे, श्रम अथवा व्यवस्थापन प्रत्यक्ष घालतो व पिकाचा धोका पत्करतो, त्यास. मालकाने जमीन रोख खंडाने दिली असेल, तर सर्व अनुदान कसणाऱ्याचे. वाट्याने दिली असेल, तर ज्याच्या त्याच्या वाट्याप्रमाणे. १९३४ सालच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. एका व्यक्तीस वर्षास मिळणाऱ्या अशा रकमेवर मर्यादाही आहे. ती १,२५,००० डॉलर होती. २०२५ च्या कायद्याने १,५५,००० डॉलर झाली.

राहिलेले दोष

नियम सुधारले तरी काही दोष राहिले आहेत. पहिला दोष खंडाचा. अनुदान शेताच्या नोंदीशी जोडलेले असते, हे मालकासही ठाऊक असते. करार नवा करताना तो खंड वाढवून मागतो. अशा रीतीने कागदावर कसणाऱ्यास मिळालेल्या रकमेचा काही भाग खंडाच्या रूपाने मालकाकडे जातो.

दुसरा दोष जुन्या नोंदीचा. १९९६ च्या कायद्याने अनुदानाचा चालू पेऱ्याशी असलेला संबंध तोडला. पुढे २०१४ पर्यंत ठराविक रक्कम बाजारभाव कसाही असला तरी मिळत असे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राने २००६ साली शोध घेतला, तेव्हा २००० सालापासून किमान १३० कोटी डॉलर शेती मुळीच न करणाऱ्यांस मिळाल्याचे त्यात आढळले. टेक्सासमध्ये पूर्वी भात पिकत असलेल्या जमिनीवर घरे झाली, तरी घरमालकांस भाताच्या नोंदीवरून रक्कम मिळत होती. ही निश्चित रकमेची पद्धत २०१४ साली बंद करण्यात आली.

तिसरा दोष मर्यादेचा. अनेक भागीदार दाखवून शेती केली असता प्रत्येक भागीदारास वेगळी मर्यादा लागू होते. त्यामुळे मोठ्या शेतीस मर्यादा फारशी अडवीत नाही. रक्कम एकरांवर मोजली जात असल्याने मोठ्या शेतास मोठी रक्कम मिळणार, हे तर उघडच आहे.

चौथा दोष माणसांचा. काउंटीचे कार्यालय गावाजवळ असल्याने काम लवकर होते, परंतु तेथील पूर्वग्रहही त्याच दाराने आत येतात. काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे व साहाय्याचे अर्ज काउंटी पातळीवर रखडविले अथवा नाकारले जातात, अशा तक्रारींवरून १९९७ साली सरकारवर दावा झाला. १९९९ साली न्यायालयाने त्यातील तडजोड मान्य केली व पंधरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांस भरपाई मिळाली. पुष्कळांची जमीन तोपर्यंत गेलेली होती.

आपण यातून काय घ्यावे?

आपली परिस्थिती वेगळी आहे. आपली शेते लहान, आपले कायदे निराळे. तथापि मालक व कसणारा यांतील अंतर आपल्याकडेही आहे. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी योजनेत वर्षास ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. आणि महाराष्ट्रात २०२३ पासून नमो शेतकरी महासन्मान निधीची जोड त्यास मिळाली. या दोहोंचा आधार जमिनीची नोंद हा आहे. जो दुसऱ्याची जमीन अर्धेलीने, बटईने, खंडाने अथवा ठोक्याने करतो व ज्याच्या नावे स्वतःची जमीन नाही, तो यात बसत नाही. याउलट प्रधानमंत्री पीक विमा योजनेत वाटेकरी व भाडेपट्ट्याने कसणारे शेतकरीही भाग घेऊ शकतात. मात्र त्यांस भाडेकराराचा पुरावा द्यावा लागतो. एकच माणूस एका योजनेस अपात्र व दुसरीस पात्र असू शकतो, ही गोष्ट पुष्कळांस माहीत नसते.

पुरावा देणे सोपे नाही, याचे कारणही आपण जाणतो. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण अद्याप मालकांच्या मनात आहे. कागदावर दुसऱ्याचे नाव आले तर जमीन जाईल, अशा भीतीने तोंडी व्यवहारच अधिक होतात. दुष्काळ वा गारपीट झाली म्हणजे मदत सातबाऱ्यावरील नावास मिळते व बी-खतांचा खर्च केलेला माणूस बाजूस राहतो. मालक समंजस असला तर वाटून देतो. नसला तर बोलणेच खुंटते.

म्हणून गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी कराव्यात.

१. कोणतीही योजना सांगताना ‘किती मिळते’ याबरोबरच ‘कोणाच्या नावे मिळते, कोणत्या कागदावर मिळते व कसणारा वेगळा असल्यास काय’ हे तीन प्रश्न स्वतः उपस्थित करून त्यांची उत्तरे सांगावीत.

२. गावात दुसऱ्याची जमीन करणारी कुटुंबे किती आहेत, याची यादी हंगामापूर्वी करावी. त्यात विधवा व एकट्या राहणाऱ्या स्त्रिया सुटू देऊ नयेत.

३. मालक व कसणारा या दोघांस एकत्र बसवून व्यवहार लेखी करण्यास सुचवावे. नुकसानभरपाई अथवा विम्याची रक्कम आल्यास ती कोणाची, हे पेरणीपूर्वीच ठरवून कागदात घालावे. मालकाची भीती हसण्यावारी नेऊ नये. मुदतीचा करार कसा असतो, हे तलाठ्याकडून अथवा जाणत्या वकिलाकडून समजावून द्यावे.

४. ई-पीक पाहणीत शेतात जे उभे आहे तेच नोंदले जाईल, अशी दक्षता घ्यावी. गतवर्षाचे पीक तसेच पुढे ओढल्याने टेक्साससारखा प्रकार लहान प्रमाणात आपल्या शिवारातही होतो.

५. लाभार्थ्यांची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. ज्याचे नाव गळले त्याचा अर्ज लेखी घ्यावा व पोच द्यावी. तोंडी तक्रारीचा माग पुढे लागत नाही.

शेतकरी बांधवांनीही, जमीन आपली असो वा दुसऱ्याची, बी-खते व औषधांच्या पावत्या जपून ठेवाव्यात आणि त्यावर कसणाऱ्याचेच नाव घालून घ्यावे. वाद उत्पन्न झाल्यास खर्च कोणी केला हे दाखविण्यास त्यांचा उपयोग होतो.

पॉइनसेट काउंटीत नियम सुधारावयास चार वर्षे लागली, आणि ज्यांच्यासाठी ते सुधारले त्यांपैकी अनेक कुटुंबे तोपर्यंत आपले बिऱ्हाड हलवून गेली होती. आपल्या गावातील यादी येत्या खरिपापूर्वी एकदा तपासून पाहावी, अशी सर्व कार्यकर्त्यांस विनंती आहे.